व्हिएतनामला सहा-सात दिवसांसाठी जायचंय? उत्तर, मध्य की दक्षिण, हे आधी कॅलेंडर बघून ठरवा

हा लाँगच्या हिरव्या पाण्यातून वर आलेले चुनखडीचे डोंगर, दोन भल्यामोठ्या हातांवर पेललेला गोल्डन ब्रिज, होई आनचे रंगीत कंदील, मेकाँगच्या कालव्यांतल्या होड्या. व्हिएतनामचं कुठलंही रील उघडलं की अर्ध्या मिनिटात हे सगळं बघून होतं. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून परदेशातल्या पहिल्या सहलीसाठी अनेक जण व्हिएतनामचा विचार करू लागले आहेत.

पण ही ठिकाणं देशाच्या तीन वेगवेगळ्या भागांत आहेत आणि त्या तीन भागांचा पावसाळा वेगवेगळ्या महिन्यांत येतो, हे रीलमध्ये दिसत नाही. सुट्टी सहा-सात दिवसांचीच असेल तर नेमकं कुठे जायचं? ते कसं ठरवायचं?

देश महाराष्ट्राएवढा, पण लांबलचक

व्हिएतनामचं क्षेत्रफळ सुमारे ३.३१ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचं ३.०८ लाख. म्हणजे दोघं जवळपास सारखेच. फरक आहे तो आकारात. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि मधल्या भागात एके ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम ५० किलोमीटर आहे.

नकाशावर आडवी रेघ मारून बघितलं तर अंदाज येतो. उत्तरेतली राजधानी हनोई साधारण नागपूरच्या अक्षांशावर येते, मधलं दा नांग सावंतवाडीच्या आणि दक्षिणेतलं हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगॉन, कोइम्बतूरच्या. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. मुंबई-दिल्ली रेल्वे अंतरापेक्षा हे सुमारे साडेतीनशे किलोमीटर जास्त. या प्रवासाला तीस तासांहून जास्त वेळ लागतो. विमानाने हेच अंतर दोन-सव्वादोन तासांचं आहे.

तिन्ही भाग एकाच आठवड्यात केले तर?

"एवढा खर्च करून जातोय, तर सगळंच बघून येऊ," असं घरात कुणीतरी म्हणतंच. त्यामुळे सहा रात्री-सात दिवसांत हनोई, हा लाँग, दा नांग आणि हो ची मिन्ह सिटी उरकणारी पॅकेज सहज खपतात.

आता दिवसांचा हिशोब करून बघू. सातपैकी पहिला आणि शेवटचा दिवस येण्याजाण्यात जातो. उरले पाच. त्यात दोन अंतर्गत विमानप्रवास आले. विमान दीड-दोन तासांचंच असतं, पण हॉटेल सोडणं, विमानतळावर लवकर पोहोचणं, सामान घेणं आणि नव्या हॉटेलात खोली ताब्यात मिळणं यात अर्धा दिवस कुठेच जात नाही. दोन प्रवासांचा मिळून एक दिवस गेला. हातात उरले चार दिवस आणि बघायचे आहेत तीन प्रदेश. त्यातही हनोईहून हा लाँगला जाऊन यायला रस्त्यावर पाच तास लागतात.

एकच भाग निवडला तर पाचही दिवस हातात राहतात, दोन अंतर्गत तिकिटांचा खर्च वाचतो आणि घरातल्या ज्येष्ठांना रोज बॅग भरावी लागत नाही. दोन भाग नीट बघायला दहा-बारा दिवस आणि तिन्हींना किमान दोन आठवडे असावेत.

एका देशात तीन पावसाळे का?

सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे काय होतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. नैऋत्य मोसमी वारे घाटावर आदळतात, कोकणात धो-धो कोसळतात आणि माण-खटावला पोहोचेपर्यंत कोरडे होतात.

व्हिएतनाममध्येही असाच डोंगर आहे, त्रुओंग सन रांग. ती लाओसच्या सीमेलगत उत्तर-दक्षिण पसरली आहे. मे ते ऑगस्टमध्ये नैऋत्येकडून येणारे वारे आपला पाऊस लाओसच्या बाजूला टाकतात. त्यामुळे डोंगराच्या पूर्वेला असलेली मध्य व्हिएतनामची किनारपट्टी त्या काळात कोरडी आणि उन्हाची राहते. सप्टेंबरनंतर वाऱ्यांची दिशा बदलते. ईशान्येकडचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन त्याच डोंगरावर आदळतात, वादळंही याच काळात धडकतात. तमिळनाडूत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस पडतो, तसाच प्रकार.

उत्तरेचं गणित वेगळं आहे. नागपूरच्या वर हिमालयाची भिंत आहे, हनोईच्या वर तशी भिंत नाही. चीनकडून येणारी थंड हवा थेट खाली उतरते. म्हणून नागपूरच्या अक्षांशावर असूनही हनोईत जानेवारीत दिवसभर ढगाळ, दमट गारठा असू शकतो. दक्षिणेत मात्र थंडी नसतेच. तिथे वर्षाचे दोनच भाग: डिसेंबर ते एप्रिल कोरडा, मे ते नोव्हेंबर पावसाचा.

उत्तर: हनोई, हा लाँग, निन्ह बिन्ह, सापा

कधी जावं: ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्यानंतर मार्चअखेर ते एप्रिल.

हा लाँग उपसागरात दीड हजाराहून अधिक लहान-मोठी बेटं आहेत. १९९४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हनोईपासून द्रुतगती मार्गाने अडीच तास. बोटीवर एक रात्र राहिलं तर गर्दीच्या वेळा टळतात. निन्ह बिन्ह हनोईपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथे तसेच चुनखडीचे डोंगर भातशेतीच्या मधोमध दिसतात आणि छोट्या होडीतून गुहांखालून जाता येतं. तिथलं ट्रांग आन २०१४ पासून जागतिक वारसा आहे.

सापा हे सुमारे १,५०० मीटर उंचीवरचं डोंगरी गाव हनोईहून बसने पाच-सहा तासांवर आहे. जवळच सुमारे ३,१४७ मीटरचं फान्सीपान शिखर आहे आणि तिथे केबल कार जाते. इथे एक फसगत होते. सोनेरी भातखाचरांचे फोटो असतात ते सप्टेंबरचे. दिवाळीत गेलं तर कापणी होऊन गेलेली असते. पाच दिवसांत हनोईसह हा लाँग आणि निन्ह बिन्ह आरामात होतं. सापा घ्यायचं तर यातलं एक सोडावं लागतं.

काय टाळावं: जुलै ते सप्टेंबर. हा वादळांचा काळ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने याच भागाला मोठा तडाखा दिला. जुलै २०२५ मध्ये अचानक आलेल्या वादळात हा लाँगमध्ये पर्यटकांची बोट उलटून ३० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. हवामान बिघडलं की प्रशासन बोटी बंद ठेवतं. अशा वेळी पैसे परत मिळणार का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्यावं आणि बोट रद्द झाली म्हणून दुसरी शोधण्याच्या फंदात पडू नये.

मध्य: दा नांग, होई आन, ह्युए, मी सन

कधी जावं: मार्च ते ऑगस्ट.

कमी दिवस असणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत सोयीचा, कारण सगळं जवळजवळ आहे. दा नांगपासून होई आन सुमारे ३० किलोमीटर, ह्युए सुमारे १०० किलोमीटर. गोल्डन ब्रिज ज्या बा ना हिल्सवर आहे, ती जागाही दा नांगहून एका दिवसात होते. समुद्रकिनारा तर शहरातच आहे. एकाच हॉटेलात मुक्काम ठेवूनही बरंच काही बघून होतं.

होई आन हे जुनं व्यापारी बंदर १९९९ पासून जागतिक वारसा आहे. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या आसपास, जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावले जातात. ह्युए ही न्गुयेन राजघराण्याची राजधानी होती.

भारतीय पर्यटकांना इथलं मी सन आपलंसं वाटू शकतं. चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकादरम्यान इथे विटांची मंदिरं उभारली, त्यातली बरीच शिवाची. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतली अनेक उद्ध्वस्त झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथे जतनाचं काम केलं आणि त्यादरम्यान २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं.

काय टाळावं: ऑक्टोबर-नोव्हेंबर. नेमकी हीच आपली दिवाळीची सुट्टी! ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य व्हिएतनाममध्ये लागोपाठ पूर आले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीसही ह्युए आणि होई आनमध्ये पाणी शिरलं. दरवर्षी पूर येईलच असं नाही, पण त्या महिन्यांत तिकिटं स्वस्त दिसली तर त्यामागचं एक कारण हे असू शकतं.

दक्षिण: हो ची मिन्ह सिटी, मेकाँग, फु क्वोक

कधी जावं: डिसेंबर ते मार्च.

हो ची मिन्ह सिटीत युद्धाच्या आठवणी जपणारं संग्रहालय आहे. शहराबाहेर कू ची इथे युद्धकाळात वापरलेली भुयारं आहेत. त्यांचं जाळं सुमारे २५० किलोमीटरचं होतं. मेकाँगच्या खोऱ्यातलं मी थो सुमारे ७० किलोमीटरवर असल्याने एका दिवसात जाऊन येता येतं. काय रांगचा तरंगता बाजार बघायचा असेल तर कान थो शहरात मुक्काम करावा लागतो, कारण तो पहाटे भरतो.

निवांत समुद्र हवा असेल तर फु क्वोक बेट आहे. हो ची मिन्ह सिटीहून विमानाने तासाभरात पोहोचता येतं. जून ते सप्टेंबर मात्र तिथे पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. शहरातला पाऊस तुलनेने सुसह्य. तो बऱ्याचदा दुपारी जोरात येतो आणि थांबतो, त्यामुळे सकाळ फिरायला मिळते. एप्रिलमध्ये मात्र उकाडा फार.

मग कोणत्या सुट्टीत कुठे?

- दिवाळी (ऑक्टोबर-नोव्हेंबर): उत्तर. मध्य भाग टाळावा.
- नाताळ आणि जानेवारी: दक्षिण. उत्तरेत गेलं तर स्वेटर-जॅकेट लागेल आणि हा लाँग धुक्यात दिसेल, ही तयारी ठेवावी.
- मार्चअखेर-एप्रिल: तिन्ही भागांत त्यातल्या त्यात बरं हवामान. लांब सुट्टी असेल तर दोन भाग एकत्र करण्याची हीच वेळ.
- मे-जून, शाळांची सुट्टी: मध्य. ऊन कडक असतं, म्हणून फिरणं सकाळ-संध्याकाळ आणि दुपार हॉटेलात.
- १५ ऑगस्टच्या आसपासची जोडसुट्टी: पुन्हा मध्यच.

यात तेतचाही विचार हवा. तेत म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, त्यांची दिवाळीच. ते जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात लोक आपापल्या गावी जातात, गाड्या-विमानं भरलेली असतात आणि बरीच दुकानं, खानावळी बंद असतात.

शाकाहारींचं काय?

मासळीपासून बनवलेला न्योक माम हा सॉस तिथे अनेक पदार्थांत असतो, अगदी भाज्यांच्या पदार्थांतही. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "चाय" हा शब्द लक्षात ठेवावा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. ज्या खानावळीवर "कम चाय" लिहिलेलं असतं, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. बौद्ध परंपरेमुळे तिन्ही भागांत अशा खानावळी आहेत. ह्युए तर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

ठरवण्याचा क्रम

बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट काढतात आणि मग कुठे फिरायचं ते बघतात. हा क्रम उलटा केला तर दिवस आणि पैसे दोन्ही वाचतात.

१. सुट्टीच्या तारखा बदलता येणार आहेत का, ते आधी बघावं. तारखा पक्क्या असतील तर वरच्या यादीतून भाग निवडावा. एखादं ठिकाण बघायचंच असेल, तर त्याच्या महिन्याप्रमाणे रजा टाकावी.

२. मग तिकीट. उत्तरेसाठी हनोई, दक्षिणेसाठी हो ची मिन्ह सिटी. दा नांगला थेट विमान मिळालं नाही तर वाटेत विमान बदलावं लागतं. तो वेळ हिशोबात धरावा. दोन भाग करायचे असतील तर एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतीचं तिकीट घ्यावं, म्हणजे उलटा प्रवास वाचतो.

३. शेवटी व्हिसा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदाच प्रवेशासाठीची सरकारी फी २५ अमेरिकी डॉलर आहे. अर्जात देशात कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे लिहावं लागतं, म्हणूनही भाग आधी ठरलेला असणं गरजेचं. फी आणि नियम बदलू शकतात, त्यामुळे अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा.

राहिलेले दोन भाग पुढच्या खेपेला बघता येतील. मुंबईहून व्हिएतनाम पाच-साडेपाच तासांवर आहे.