वर्गात परतण्याचा इतिहास : पाचोड परिसराच्या संदर्भात (२०२०–२०२२)

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. त्या पुन्हा केव्हा सुरू झाल्या, या साध्या प्रश्नाला शासकीय आदेशांत एक उत्तर सापडत नाही. प्रस्तुत लेखात पैठण तालुक्यातील पाचोड परिसर नजरेसमोर ठेवून या परतीचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार उघडू लागले. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. दुसऱ्या लाटेत सारे पुन्हा बंद झाले. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि १ डिसेंबरपासून पहिली ते चौथी, असा क्रम लागला. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा खंड पडला.

या तारखांतून एक गोष्ट निष्पन्न होते. मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले खेड्यातील मूल १ डिसेंबर २०२१ रोजी थेट तिसरीत बसले. दुसरीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही. परीक्षेविना वर्गोन्नती दिल्यामुळे निकालपत्रकावर मात्र खंड दिसत नाही. ते मूल ज्या वर्गातून गेले होते, त्या वर्गात परतलेच नाही. म्हणून 'परत येणे' हा शब्दच येथे अपुरा ठरतो. 'असर'च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील जी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, त्यांचे प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले.

मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम, सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिका आणि जुलै २०२१ पासूनचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम ही त्याची उदाहरणे होत. परंतु सेतू अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा प्राथमिक वर्ग बंदच होते. पूल बांधला गेला, पैलतीर मात्र अजून उघडलेला नव्हता.

मराठवाड्यात आणखी एक दिनदर्शिका चालते. ती साखर कारखान्यांची. २०२१-२२ चा गळीत हंगाम १५ ऑक्टोबरपासून सुरू झाला. प्राथमिक शाळा उघडल्या त्या त्यानंतर दीड महिन्याने. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी शाळेचे दार उघडले, तेव्हा अनेकांचे बिऱ्हाड फडावर पोहोचलेले होते. मंत्रालयातील तारीख आणि कोयत्याची तारीख यांचा मेळ यापूर्वीही क्वचितच बसला आहे.

मुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि पाचोडला त्याची पूर्वपीठिका आहे. येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'आयएचएमपी'ने, अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्य वर्ग चालविले. कार्यक्षेत्रात विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर्षांवर गेल्याचे नोंदले गेले. एका वर्षाची ही वाढ अल्प वाटेल. परंतु गावात मुलींनी नियमित एकत्र जमण्याची जागा असली की लग्न लांबते, हे तिने दाखविले. वर्ग बंद झाले तेव्हा शाळा ही अशीच एक जागा नाहीशी झाली. ज्यांचे लग्न त्या काळात उरकले, त्यांचा शोध हजेरीपटात घेणे कठीण आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत नाव कमी करता येत नाही, त्यामुळे पटावर त्या पुढच्या वर्गात गेलेल्याच दिसतात. अभ्यासकाला त्यासाठी शाळेच्या दप्तराबरोबर ग्रामपंचायतीची विवाह नोंदवही आणि आशा कार्यकर्तीची गरोदर मातांची यादी शेजारी ठेवून वाचावी लागेल.