सुभद्राहरणांतील यतिवेष व ‘सौभद्र’ नाटक

साखरखेर्डा हें वऱ्हाडांतील गांव इतिहासाच्या वाचकांस एका लढाईमुळें परिचित आहे. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरांत येथें निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची गांठ पडली आणि खान रणांत पडला. या लढाईच्या मागें सारें कपटनाट्यच होतें. दिल्ली दरबारानें निजामाशीं वरकरणी गोडी राखून दक्षिणेची सुभेदारी आंतून खानास देऊं केली होती. निजामही शिकारीचें निमित्त करून दिल्लीबाहेर पडला, तो दक्षिणेंत येऊन उतरला. खानाचें शिर दरबारीं रवाना करतांना त्यानें बंडखोराचें पारिपत्य झाल्याचें अभिनंदनही सोबत पाठविलें! दरबारानें तें खरें मानल्याचें सोंग केलें व पुढल्या वर्षीं त्यास आसफजाह हा किताब दिला. गांवास फत्तेखेर्डा असें नांव पडलें. पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें.

येथें उभय पक्षांस एकमेकांचें सोंग ठाऊक होतें, म्हणून त्यांत हंसण्याजोगें कांहीं नाहीं. ज्यास फसवावयाचें तो मनापासून फसतो व फसविणारा त्याच्या घरचाच असतो, अशा ठिकाणीं मात्र कपटाचें विनोदांत रूपांतर होतें. मराठी रंगभूमीवर याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत सौभद्र’. या नाटकाच्या गायनासंबंधानें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें त्यांतील संन्याशाच्या सोंगाचें मूळ. कारण त्याचा संबंध पोथ्यांच्या संग्रहाशीं पोंचतो.

नाटकाचे पहिले तीन अंक पुण्यास पूर्णानंद नाटकगृहांत ता. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं झाले. संपूर्ण नाटक पुढील सालीं रंगभूमीवर आलें. मोरोबा वाघोलीकर अर्जुन व भाऊराव कोल्हटकर सुभद्रा असत. कथानक सर्वांस माहीत आहे. बलराम सुभद्रा दुर्योधनास देऊं पाहतो, तिचें मन अर्जुनावर आहे, आणि कृष्ण वडील भावाच्या होस हो म्हणत आंतून सर्व सूत्रें हलवितो. घटोत्कचाकरवीं सुभद्रेस उचलून नेण्याचा बेत होतो. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेंत येतो. बलराम त्याच्या भजनीं लागतो व बहिणीसच त्याच्या सेवेस ठेवतो. सुभद्रा ज्याच्यासाठीं झुरते त्याच्याच समोर वावरते, आणि त्यास ओळखत नाहीं.

आतां हा यतिवेष महाभारतांतील, असें बहुतेक प्रेक्षक समजतात. भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेलें व वि. सी. सुखठणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व इ. स. १९३३ मध्यें पुरें झालें. त्यांतील सुभद्राहरण पाहावें. तेथें यति नाहीं, दुर्योधनही नाहीं. रैवतकाच्या उत्सवांत अर्जुन सुभद्रेस पाहतो. वनांत फिरणाऱ्याचें मन मदनानें कसें हललें, अशी कृष्ण थट्टा करतो. स्वयंवराचा भरंवसा नाहीं, सबब बळानें हरण कर, असा सल्ला देतो. धर्मराजाची अनुज्ञा आणण्यास दूत जातात. एवढ्या सर्वांस विचारलें जातें; एकट्या सुभद्रेस मात्र कोणी विचारीत नाहीं. ती गिरीची प्रदक्षिणा करून परतत असतां तिला रथांत घातली जाते, आणि तोंपर्यंत तिच्या मुखांत एक शब्द नाहीं. कोपरगांवकडील नीलकंठ चतुर्धरांनीं सतराव्या शतकांत काशीस बसून ज्या पाठावर टीका केली, व जो पुढें मुंबईस छापून घरोघर गेला, त्यांतही यति आढळत नाहीं.

यति सांपडतो तो दोन ठिकाणीं. भागवताच्या दशमस्कंधांतील शायशींव्या अध्यायांत त्रिदंडी अर्जुन चातुर्मासभर द्वारकेंत राहतो, बलराम त्यास न ओळखतां घरीं बोलावून जेवूं घालतो, आणि दुर्योधनाचा बेतही तेथेंच येतो. येथें एक गोष्ट नवी आहे: अर्जुनाप्रमाणें सुभद्राही त्यास पाहून मोहित होते. हरण होतें तें देवयात्रेच्या वेळीं, तिच्या मातापितरांच्या व कृष्णाच्या संमतीनें. दुसरें ठिकाण म्हणजे महाभारताचा दाक्षिणात्य पाठ. त्यांत हें प्रकरण पुष्कळ वाढलेलें आहे. सुभद्रा यतीपाशीं पांडवांची विचारपूस करते, यति आपली ओळख देतो, आणि पुढें रथाचें सारथ्यही तीच करते. संशोधित आवृत्तींत हा भाग परिशिष्टांत गेला आहे, व पाठशुद्धीच्या दृष्टीनें तें योग्यच आहे.

केरळांतील कुलशेखरवर्म्याचें ‘सुभद्राधनंजय’ हें संस्कृत नाटकही याच ओघांतलें. त्यांत राक्षसाच्या हातून सोडविलेली कन्या हीच सुभद्रा, हें अर्जुनास कळत नाहीं. आणि सुभद्रेस तर सोडविणारा वीर, कीर्तीनें ऐकलेला अर्जुन व दारचा यति या तिघांवर मन गेल्याची लाज वाटते. हे तिघे एकच! राक्षसानें उचलून नेण्याचा प्रकार येथें व ‘सौभद्रां’त दोहोंकडे आहे, हें साम्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तथापि त्रिवेंद्रमच्या ग्रंथमालेंतून हें नाटक छापून निघालें तें विसाव्या शतकांत, आणि किर्लोस्कर इ. स. १८८५ तच वारले. तेव्हां त्यांनीं छापील प्रत पाहिली असणें शक्य नाहीं. त्यांच्या यतीचें मूळ, आमच्या मतें, भागवतच होय. बलराम, दुर्योधन व त्रिदंड ही त्रयी तेथें तशीच एकत्र आहे, व भागवताची पुराणें गांवोगांव चालत. त्यांचें जन्मस्थान गुर्लहोसूर हें कानडी मुलखांतलें, म्हणून दक्षिणेकडील आख्यानांचा संस्कारही नाकारतां येत नाहीं. पण जें जवळ सांपडतें त्यासाठीं दूर कशास जावें?

या तुलनेंतून निघणारी गोष्ट जरा विलक्षण आहे. जुन्या पाठांत कपट नाहीं, उघड बळ आहे, आणि स्त्रीची संमति नाहीं. कपट शिरलें तेव्हां तिच्या मनासही जागा मिळाली; यतीला चार महिने राहावें लागतें म्हणूनच तिला पाहण्यास, विचारण्यास, ओळखण्यास अवसर मिळतो. किर्लोस्करांनीं तर आरंभापासूनच तिचें मन अर्जुनावर ठेवून हरणाचा सारा दोष धुऊन काढला. खरें फसवणें झालें तें बलरामाचें; आणि तो रागीट असला तरी निष्कपट असल्यामुळें शेवटीं त्याची समजूत पडते. दिल्लीच्या बादशहाची समजूत पडण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. संशोधित आवृत्ति निघाल्यापासून, जीं पानें तींत नाहींत तीं टाकाऊ, असा एक समज पसरूं लागला आहे. आदिपर्वाची पोथी हातीं आली म्हणजे सुभद्राहरणाचे अध्याय उघडावे. यति असल्यास त्या पानांची नक्कल, लेखनकाल व पोथीचें गांव यांसह अवश्य टिपून ठेवावी. भागवताच्या प्राकृत टीका, कीर्तनकारांच्या वह्या, आख्यानांचीं बाडें हींही याच दृष्टीनें पाहावीं. सिंदखेड, लोणार व साखरखेर्डा या टापूंत, जेथें मराठी, फारशी व कानडी वळणाचे मठ-दरबार शेजारीं नांदले, तेथील दप्तरें अशा कामास विशेष उपयोगी आहेत. क्षेपक म्हणजे खोटें नव्हे. कोणीतरी, कोठेंतरी, कांहीं हेतूनें लिहिलेलें तें अस्सल लेखनच असतें.

जातां जातां एक. संशोधित पाठांतही वेषांतर एक आहे, पण तें अर्जुनाचें नव्हे. इंद्रप्रस्थास पोंचल्यावर द्रौपदीचा रोष शमावा म्हणून अर्जुन सुभद्रेस तांबडें रेशमी वस्त्र देऊन गौळणीच्या वेषांत आंत पाठवितो. ती जाऊन नमस्कार करते व मी तुझी दासी म्हणून सांगते. तिचे पहिले शब्द हेच. द्रौपदी उठून तिला पोटाशीं धरते. किर्लोस्करांचें नाटक इंद्रप्रस्थापर्यंत जात नाहीं, त्यामुळें हा प्रवेश त्यांत आला नाहीं.