लो-बॉनेट : भारतातल्या युद्धकालीन जीपची पुनर्बांधणी

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आणि तिचीच फोर्ड कंपनीने बनवलेली आवृत्ती जीपीडब्ल्यू या दोन्ही गाड्यांना भारतातले जुन्या वाहनांचे हौशी लोक ‘लो-बॉनेट’ म्हणतात. हे नाव इंजिनामुळे पडले. या गाडीच्या २.२ लिटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात. त्यामुळे वरचे हेड चपटे राहते आणि बॉनेट खाली बसते. पुढच्या पिढीतल्या सीजे-३बी या मॉडेलमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झाले आणि बॉनेटही वर उचलावे लागले. रस्त्यावरची बहुतेक भारतीय जीप या दुसऱ्या, ‘हाय-बॉनेट’ घराण्यातली. म्हणूनच लो-बॉनेट दिसली की जाणकार थांबून पाहतो.

गाडीचा जन्म घाईत झाला. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी काढली. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला नमुना लष्कराच्या हवाली झाला. बँटमला मोठे उत्पादन झेपणारे नव्हते. सुधारित आराखड्याचे मुख्य कंत्राट टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला मिळाले, आणि तिलाही मागणी पुरवता येईना तेव्हा विलीजचीच ड्रॉइंग्ज फोर्डला देण्यात आली. १९४५ पर्यंत दोघींनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बनवल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. रणांगणावर तिचा फायदा उघड होता. मात्र आज पुनर्बांधणी करणाऱ्याची पहिली डोकेदुखी याच अटीतून येते. युद्ध चालू असतानाच लष्करी कार्यशाळांनी दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींत बसवून टाकले होते. नखशिखांत विलीज किंवा नखशिखांत फोर्ड अशी गाडी जगात कुठेही दुर्मीळच.

भारतात या गाड्या दोन वाटांनी आल्या. अमेरिकेच्या लेंड-लीज या युद्धसाहाय्य व्यवस्थेतून त्या ब्रिटिश भारतीय सैन्याला मिळाल्या, आणि आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी तुकड्यांनी आपल्या जीप सोबत आणल्या. युद्ध संपल्यावर हे सगळे सामान परत नेणे परवडणारे नव्हते. शिल्लक मालाची विक्री झाली आणि जीप चहामळेवाले, जंगलाचे ठेकेदार, शिकारी संस्थानिक अशा लोकांच्या दारात पोहोचल्या. फिलिपाइन्समध्ये याच शिल्लक गाड्यांना लांब मागची बाजू जोडून जीपनी नावाचे सार्वजनिक वाहन तयार झाले.

वापरलेली जीप ठाकठीक करून पुन्हा विकण्याचा धंदा तेव्हा जगभर चालला होता आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या घोटाळ्याचा विषयही तोच. काश्मीरमधल्या लढाईमुळे लष्कराला जीप तातडीने हव्या होत्या. १९४८ मध्ये लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रचलित पद्धत बाजूला ठेवून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केले आणि पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. राजकारणाच्या इतिहासात हा प्रसंग भ्रष्टाचाराच्या प्रकरणात नोंदला जातो. वाहनांच्या इतिहासात त्याचा अर्थ साधा आहे : वरून रंग मारलेली जीप आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

देशात जीप रुजवली ती मुंबईने. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, तर १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. विलीजशी करार करून तिने सुट्या भागांतून जीपची जुळणी मुंबईत माझगावला सुरू केली. नंतर सुटे भागही इथेच बनू लागले. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण भारतात तिचेच घराणे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले. बीडीओची गाडी, वनखात्याची गाडी, साखर कारखान्याची गाडी, निवडणुकीची प्रचारगाडी म्हटली की खेड्यात डोळ्यांसमोर यायची ती हीच. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापात, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीत, लांब चेसिसच्या जीप आल्या त्याही याच वंशातल्या.

युद्धातल्या जुन्या जीप टिकल्या त्या या कारखान्याच्या आधाराने. सुटे भाग मिळत राहिले, मिस्त्रींचा हात त्या रचनेवर बसला, त्यामुळे गाडी भंगारात काढण्याची वेळ लांबत गेली. पण तिला चालती ठेवणारी प्रत्येक दुरुस्ती तिला मूळ रूपापासून थोडी दूर नेत होती. अमेरिकेतून आलेली युद्धकालीन जीप डाव्या स्टिअरिंगची होती. इथे अनेकींचे स्टिअरिंग उजवीकडे आले. सहा व्होल्टची वीज अपुरी पडते म्हणून बारा व्होल्ट आले. टी-८४ हा मूळ गिअरबॉक्स नाजूक, म्हणून नंतरच्या जीपचा दणकट टी-९० बसला. पेट्रोल परवडेना तेव्हा इंजिनच बदलले. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले, तर १९८० च्या दशकानंतर कुणी महिंद्राने प्यूजोच्या परवान्याखाली बनवलेले एक्सडीपी. उंच इंजिन मावावे म्हणून बॉनेट कापले, पुढची जाळी वाकवली, चेसिसला नव्या पट्ट्या वेल्ड केल्या. याला सरसकट जुगाड म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. ही कामे करणारे मिस्त्री कसबी होते आणि ती झाली नसती तर पुनर्बांधणीला गाडीच उरली नसती.

हौस म्हणून जीपकडे लोक उशिरा वळले. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ पासून होत आली. तिथे मान होता संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस आणि तत्सम गाड्यांना. जीप त्या काळी रोज राबणारी गाडी होती, तिचे प्रदर्शन कशाला करायचे? पेट्रोल जीप रस्त्यावरून हटल्या, लष्करानेही जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा कुठे ती जुनी वाटू लागली. दिल्लीचे मायापुरी, मुंबईतले कुर्ल्याचे भंगार मार्केट आणि चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी सुटे भाग शोधणे हा या छंदाचा भाग झाला.

पुनर्बांधणीत पान्याच्या आधी ओळख येते. पुढची आडवी दांडी गोल नळीची असेल तर चेसिस विलीजची. उलट्या यू आकाराच्या पत्र्याची असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, एफ हे अक्षर ठोकले होते. फोर्डच्या कारखान्यातून निघताना चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक एकच असे. विलीजमध्ये तो वेगवेगळा. नोंदणी पुस्तकात कोणता क्रमांक चढला आहे आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झाली होती का, हे इथेच तपासून घ्यावे लागते. ते राहून गेले तर तयार गाडी कागदावर अडकते. पुढच्या जाळीच्या खाचा मोजणे ही त्याहून सोपी खूण : युद्धकालीन गाडीला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. बॉनेटवरचा रंग एकेक थर हळू घासत गेल्यास खाली लष्करी क्रमांकाचे आकडे सापडू शकतात. अमेरिकी जीपचा हा क्रमांक २० ने सुरू होई.

मग गाडी पूर्ण उघडली जाते. बॉडीच्या तळाखालच्या पोलादी खोबणीत मूळ रचनेत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. लाकूड पाणी धरते आणि पत्रा आतून सडतो. कोकणासारख्या पावसाच्या मुलखात राहिलेल्या गाडीचा तळ म्हणूनच आधी ठोकून पाहावा. सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवायचा की फिलिपाइन्समध्ये बनणारी अख्खी नवी बॉडी मागवायची, यावर मतभेद आहेत. दुसरा मार्ग झटपट आणि देखणा, पण त्यात मूळ गाडीतून उरते ती चेसिस आणि थोडे लोखंड. चांगला डेंटर मिळत असेल तर पहिलाच मार्ग सरस. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे लपवणे मात्र कोणत्याही मार्गात वाईटच. दोन पावसाळ्यांत ती फुगते.

इंजिनाचे काम त्या मानाने सोपे. सिलिंडरचा मूळ व्यास ७९.४ मिलिमीटर. झिजेप्रमाणे बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतात, मर्यादा संपली की स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते. हे काम करणारे लेथवाले अजूनही आहेत. कठीण असते ते गायब झालेले पेट्रोल इंजिन शोधणे. सुरुवातीच्या नागरी जीपमध्ये त्याच जातीचे इंजिन होते, त्यामुळे बहुतेकांचा शोध तिथे संपतो. किरकोळ वाटणारे भागच वर्षानुवर्षे अडवून धरतात : कार्टर कार्बोरेटर, डॅशवरच्या माहितीपट्ट्या, दोन अर्ध्या भागांची बोल्टने जोडलेली रिम, मागे उलटवून इंजिनावर उजेड पाडता येणाऱ्या हेडलाइटच्या बिजागऱ्या. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि हमखास गंजलेली निघते.

कायद्याचा संबंध दोन टोकांना येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करते. कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगचे वाहन चालवायचे तर त्याला चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारादर्शक हवे. स्टिअरिंग पुन्हा मूळ बाजूला नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरण ५,००० रुपयांत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

या नियमांतली मोठी अट म्हणजे वाहन मूळ रूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. राजवाड्याच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या मोटारीला ती सहज लागू पडते. डिझेल इंजिन घालून वर्षानुवर्षे ऊस-डोंगर तुडवलेल्या जीपला ती पुरी करण्यासाठी आधी पुनर्बांधणीचे सारे काम उरकावे लागते. ज्यांना ते करायचे नसते, ते आपली जीप साध्या नोंदणीवरच ठेवतात. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून आणि हरित कर भरून ती चालवता येते. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या अनेक जुन्या गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या.

महिंद्राने बनवलेली सीजे-३बीसुद्धा जशी कारखान्यातून निघाली तशी उभी करणारे लोक अलीकडे दिसू लागले आहेत. पूर्वी याच गाड्या लो-बॉनेटसाठी सुटे भाग काढायला मोडल्या जात.