मॉरिट्सहौस

नेदरलँड्समधील द हेग शहरातील प्रसिद्ध चित्रसंग्रहालय. होफव्हायव्हर तलावाच्या काठी, डच संसदेच्या बिनेनहोफ या वास्तुसमूहाला लागून ते वसले आहे. संग्रहात आठशेच्या आसपास चित्रे असून बहुतेक सतराव्या शतकातील डच व फ्लेमिश चित्रकारांची आहेत. संख्येने लहान, पण निवडक अशी या संग्रहाची ख्याती आहे.

वास्तू : नासाउ-झीगनचा काउंट योहान मॉरिट्स याने राहण्यासाठी हा वाडा 1633 ते 1644 या काळात बांधविला. याकोप व्हान काम्पेन व पीटर पोस्ट हे त्याचे वास्तुकार. विटा व वालुकाश्मातील दुमजली बांधणी, काटेकोर सममिती, भिंतीतून पुढे आलेले आयोनिक अर्धस्तंभ व त्यांवरील त्रिकोणी शीर्ष यांमुळे तो डच अभिजातवादी वास्तुशैलीचा उत्तम नमुना मानला जातो. बांधकाम चालू असताना मॉरिट्स डच ब्राझीलचा गव्हर्नर होता. तेथील साखर गुलामांच्या श्रमावर पिकत असे. 1704 च्या आगीत वाड्याचा अंतर्भाग जळाला. बाहेरच्या भिंती वाचल्या.

संग्रहाची वाढ : मूळ संग्रह स्टाटहाउडर (डच प्रजासत्ताकाचा प्रमुख पदाधिकारी) पाचवा विलेम याचा. 1795 मध्ये फ्रेंचांनी तो पॅरिसला नेला. नेपोलियनच्या पाडावानंतर 1815 मध्ये त्यातील बरीच चित्रे परत आली व राजा पहिला विलेम याने ती राष्ट्राच्या स्वाधीन केली. सरकारने 1820 मध्ये वाडा विकत घेऊन 1822 मध्ये संग्रहालय खुले केले. आरंभी तळमजल्यावर दुर्मिळ व नवलाईच्या वस्तू मांडलेल्या असत. 1875 पासून सर्व दालने चित्रांसाठी मोकळी झाली. आब्राहाम ब्रेडियस हा कलाभ्यासक 1889 ते 1909 या काळात संचालक होता. त्याने खरेदी करून व स्वतःची चित्रे देऊन संग्रह समृद्ध केला.

प्रमुख चित्रे : रेम्ब्रँटचे ‘डॉ. तुल्प यांचा शरीरविच्छेदनाचा पाठ’ (1632) व 1669 मधील, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीचे, आत्मचित्र. पाउलुस पॉटरचा तीन मीटरहून रुंद ‘बैल’ (1647). कारेल फाब्रीत्सियसचे ‘गोल्डफिंच’ (1654) हे साखळीने बांधलेल्या पक्ष्याचे लहानसे चित्र. ते रंगविले त्याच वर्षी डेल्फ्टमधील दारूगोळ्याच्या स्फोटात फाब्रीत्सियस मरण पावला. व्हर्मेअरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’ 1822 मध्येच सरकारने विकत घेतले. त्याचेच ‘मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली युवती’ (सु. 1665) मात्र 1881 च्या लिलावात एका संग्राहकाने अवघ्या दोन गिल्डरना घेतले होते, त्याच्या मृत्युपत्रानुसार ते येथे आले. ते ठरावीक व्यक्तीचे चित्र नसून मुखाभ्यासाच्या तत्कालीन डच प्रकारातले आहे.

सद्यःस्थिती : 2012 ते 2014 या काळात वास्तूचे नूतनीकरण झाले. रस्त्यापलीकडची इमारत भुयारी दालनाने जोडून घेतल्याने जागा दुप्पट झाली. 2019 मध्ये संग्रहालयाने मॉरिट्सची ब्राझीलमधील कारकीर्द व गुलामव्यापारातील त्याचा सहभाग यांवर स्वतंत्र प्रदर्शन भरविले.