एक नाव, दोन पडदे : रॉकबॉक्सच्या स्क्रीनचा इतिहास

१/ यंत्राच्या पाठीवर छापलेले नाव त्याच्या आतल्या घडणीची ग्वाही देते का? म्युझिक प्लेअरचा इतिहास सांगतो की, नेहमीच नाही. त्याचा पुरावा स्क्रीन चालवणाऱ्या काही ओळींच्या प्रोग्राममध्ये जपला गेला आहे. #धागा

२/ २००१च्या अखेरीस स्वीडनमधील ब्यॉर्न स्टेनबर्ग, डॅनिएल स्टेनबर्ग आणि लिनुस नील्सन फेल्टझिंग यांनी ‘आर्कोस’ या फ्रेंच कंपनीच्या ज्यूकबॉक्स प्लेअरसाठी स्वतंत्र फर्मवेअर लिहावयास घेतले. तेच ‘रॉकबॉक्स’. प्रोसेसर सुमारे १२ मेगाहर्ट्झचा, मेमरी अवघी २ मेगाबाइट. यंत्राची अंतर्गत रचना मूळ फर्मवेअर उलगडून जाणून घ्यावी लागे.

३/ प्रोसेसर स्क्रीनवर थेट काही रेखाटत नाही. स्क्रीनला जोडलेल्या कंट्रोलर चिपला तो ठरावीक आज्ञा पाठवतो. या आज्ञा देणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. चिप बदलली की आज्ञांची भाषाही बदलते. मग यंत्र सुरू असूनही पडदा कोरा राहू शकतो.

४/ आर्कोस प्लेअरची स्क्रीन केवळ दोन ओळी अक्षरे दाखवी. अक्षरांचे आकार स्क्रीनच्याच चिपमध्ये कोरलेले असत. पुढे कंपनीने निराळ्या अक्षरसंचाची स्क्रीन बसवली, म्हणजे एकाच क्रमांकाला जुन्या यंत्रावर एक चिन्ह, नव्यावर दुसरे! रॉकबॉक्सने यंत्राच्या रॉमचा आवृत्तिक्रमांक वाचून योग्य अक्षरसंच निवडण्याची सोय केली.

५/ हेच ॲपलच्या रंगीत पडद्याच्या आयपॉडबाबत घडले. २००४ साली आलेल्या आयपॉड फोटोचा पडदा २२० × १७६ बिंदूंचा. परंतु त्या मालिकेत दोन प्रकारच्या स्क्रीन वापरल्या गेल्या. म्हणून रॉकबॉक्सचा ड्रायव्हर प्रथम हार्डवेअरचा आवृत्तिक्रमांक तपासतो, गरज पडल्यास दोन पिनांची स्थिती पाहतो आणि त्यानंतरच आज्ञा देतो.

६/ येथे खरी अडचण तांत्रिक कौशल्याची नव्हती. स्वयंसेवकाच्या हातातील यंत्र उत्तम चालत असे, दुसऱ्याचे नाही, आणि दोघांचेही म्हणणे खरे असे. एका प्रतीवरून संपूर्ण ग्रंथाविषयी निष्कर्ष काढू नये, हा पाठचिकित्सेचा नियम इथेही लागू पडतो. पाठभेद कळण्यासाठी दुसरी प्रत पाहावीच लागते.

७/ कारखान्यात भाग बदलले, तरी खोक्यावरचे नाव तेच राहिले. बदलाची नोंद मात्र ड्रायव्हरमधल्या ‘ही स्क्रीन असेल तर असे, ती असेल तर तसे’ या वाक्यांत टिकली. रॉकबॉक्सचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे आणि २०२५मध्ये त्याची ४.० आवृत्तीही आली. मूळ यंत्रे एकेक करून बंद पडत असताना हा कोड त्यांच्या घडणीचे दप्तर ठरतो.

८/ मित्रहो, इतिहासाची साधने ताम्रपटांत आणि मोडी कागदांत असतात, तशीच ती सोर्स कोडमध्येही असतात. ती वाचण्याची सवय आपल्या पिढीने लावून घ्यायला हवी.