पालना आणि पाळणा

'जालना सोने का पालना' ही म्हण त्या नगरीच्या व्यापारी वैभवाची खूण म्हणून सांगतात. कुंडलिकेच्या तीरावरील जुन्या जालन्यात मराठी माणूसही ती हिंदुस्थानीतच म्हणतो. घरी मात्र लेकरू निजते ते 'पाळण्यात'. दोन शब्दांत अंतर एवढेच की, 'ल'च्या जागी 'ळ' आला व 'न'च्या जागी 'ण'. १९४८ पर्यंत हे नगर निजामाच्या राज्यात होते. राजभाषा उर्दू व घरची भाषा मराठी. उर्दूचे पुस्तक मुलाच्या हाती पुढे शाळेत येई. शेजारची दखनी मात्र पाळण्यातच कानी पडे. हे सूक्ष्म भेद कानाला कळू लागतात तरी केव्हा?

या प्रश्नाचा प्रयोगाने उलगडा होण्यास १९७१ साल उजाडले. अमेरिकेत पीटर आयमस व त्यांचे सहकारी यांनी १ व ४ महिन्यांच्या बालकांच्या तोंडी चोखणी देऊन एकच ध्वनी वारंवार ऐकविला. मूल कंटाळले की चोखणे मंदावे. 'बा'च्या जागी 'पा' येताच ते पुन्हा वेग घेई. ज्यास एक शब्दही बोलता येत नाही, त्यास वर्णभेद कळतो, हे सिद्ध झाले.

पुढील शोधास आपली वर्णमालाच उपयोगी पडली. दन्त्य 'त' व मूर्धन्य 'ट' हा भेद इंग्रजीत नाही. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी हिंदीतील ही जोडी इंग्रजी घरांतील बालकांना ऐकविली. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बालकांनी भेद ओळखला. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्यांनी. हिंदी ऐकत वाढलेल्या त्याच वयाच्या मुलांना मात्र तो स्पष्ट कळत होता. म्हणजे परक्या ध्वनींचे भेद जाणण्याची शक्तीही मूल घेऊन येते; वर्ष भरण्याच्या आत कान घरच्या बोलीकडे वळतो व परके भेद पुसट होतात. ते पुढे सरावाने साधतात, पण कष्टाने.

मग यंत्राचा आवाज पुरेल काय? २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेही पाहिले. ९ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी १२ वेळा खेळविले, तेव्हा त्यांना चिनी ध्वनींचा भेद कळू लागला. तेच बोलणे चित्रफितीवरून ऐकविलेल्या बालकांना काहीच लाभ झाला नाही.

जुन्या जालन्यात आजी 'पाळणा' म्हणे व शेजारीण 'पालना'. दोघी मुलाच्या तोंडाकडे पाहून बोलत. आज रडते मूल गप्प करण्यासाठी त्याच्यापुढे मोबाईल धरणाऱ्या घराने एवढे ध्यानी घ्यावे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण आहे. त्याचे कान तर तेथेच घडतात, आणि ते घडतात माणसाच्या बोलण्याने.