फाटक्या पोथ्यांचा उपयोग

एखाद्या वस्तूस विद्वानांनीं निरुपयोगी म्हणावें आणि पुढें तीच मोठ्या कामाची ठरावी, असे प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत थोडे नाहींत. परंतु एकाच प्राण्याच्या शरीरांत असा प्रसंग दोनदां घडावा, हें मात्र विरळा. तो प्राणी म्हणजे आपली अंगणांतली कोंबडी.

जालना जिल्ह्यांतील हसनाबादसारख्या गांवीं कोंबड्या पाळणाऱ्यांस 'मानमोडी' हें नांव नवें नाहीं. ग्रंथांत या रोगास राणीखेत म्हणतात. त्यावर उपाय म्हणून पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत, तें पुरतें आठवड्याचें होण्याच्या सुमारास, लासोटा नांवाच्या लशीचा थेंब टाकतात. थोड्याच दिवसांत पिलाच्या रक्तांत त्या रोगाच्या विषाणूस नेमकीं जाऊन चिकटणारीं प्रतिपिंडें उत्पन्न होतात. आतां रोगकारक तर असंख्य, आणि जवळजवळ प्रत्येकास निराळें प्रतिपिंड हवें. एवढासा जीव तीं सारीं आणतो कोठून?

या प्रश्नाचें उत्तर पिलाच्या शेपटीखालच्या एका लहान पिशवींत सांपडलें. इटलींतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस 1619 सालीं वारला. त्याच्या 1621 सालीं छापलेल्या ग्रंथांत या पिशवीचें वर्णन आहे. ती वीर्य सांठविण्याची जागा असावी, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकीचा ठरला, आणि पुढें तीनशें वर्षें पिशवीचें खरें काम कोणासच सांगतां आलें नाहीं.

मग अमेरिकेंतील ओहायो येथें ब्रूस ग्लिक नांवाच्या विद्यार्थ्यानें पिलांची ही पिशवी कापून पाहिली. विशेष कांहीं घडलें नाहीं. त्याचा सहाध्यायी चँग यास विद्यार्थ्यांपुढें प्रतिपिंडांचा प्रयोग करून दाखवावयाचा होता. त्यानें ग्लिकचे पक्षी मागून घेतले, त्यांस जंतु टोंचले, आणि प्रयोग फसला! कांहीं पक्ष्यांत प्रतिपिंडें उपजलींच नाहींत. चौकशी केली, तों ते पक्षी पिशवी कापलेले निघाले. हा शोध एका विख्यात नियतकालिकानें परत पाठविला. अखेर 1956 सालीं तो कुक्कुटपालनाच्या मासिकांत छापला गेला. ज्या मासिकाकडे मोठे वैद्य सहसा ढुंकूनही पाहात नसत, त्यांतच आधुनिक रोगप्रतिकारशास्त्राचा एक पाया पडला, याची आम्हांस मौज वाटते. 1965 सालीं मिनेसोटा येथें कूपर आणि गुड यांनीं प्रतिपिंडें करणाऱ्या पेशी याच पिशवींत पक्व होतात, हें सिद्ध केलें. 'बी-पेशी' या नांवांतलें 'बी' हें 'बर्सा' म्हणजे या पिशवीचेंच आद्याक्षर होय. आजही गंबोरो रोगाचा विषाणु कोंवळ्या वयांत ही पिशवी नासवून गेला, तर त्या पिलास मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागत नाहीं.

पिशवीचें कोडें सुटलें, तरी मूळ प्रश्न उरलाच. 1976 सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें होझुमी आणि टोनेगावा यांनीं उंदरांवरून दाखविलें कीं, प्रतिपिंडाचें जनुक आयतें मिळत नाहीं. पेशी तें तुकडे जोडून तयार करते. टोनेगावा यांस 1987 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उंदरापाशीं निवडीस पुष्कळ तुकडे असतात. कोंबडीपाशीं काय असावें?

पॅरिसमध्यें रेनो आणि वेल यांनीं 1985 ते 1987 च्या दरम्यान हें तपासलें. प्रतिपिंडाच्या हलक्या सांखळीसाठीं कोंबडीपाशीं या जातीचें धड जनुक अवघें एक निघालें. त्याच्या शेजारीं त्याच्याशीं मिळतींजुळतीं सुमारें पंचवीस जनुकें होतीं, परंतु सारीं मोडकीं. अशा मोडक्या प्रतींस 'छद्मजनुक' म्हणण्याचा प्रघात 1977 सालीं बेडकाच्या एका जनुकावरून पडला होता, आणि 'छद्म' म्हटलें कीं मृत, असेंच बहुतेक धरून चालत.

वाचकांनीं अशी कल्पना करावी. घरांत एक पोथी पूर्ण आहे, आणि पंचवीस फाटक्या. फाटक्यांचीं पहिलीं आणि शेवटचीं पानें गहाळ असल्यामुळें त्या स्वतंत्रपणें वाचतां येत नाहींत. पण लेखक धड पोथीची प्रत करतांना मधूनच या फाटकींतली एक ओळ, त्या फाटकींतलीं चार अक्षरें उतरून घेतो. फाटक्या पोथ्या जशाच्या तशा राहतात. प्रत मात्र दर वेळीं निराळी निघते. पिशवींत वाढणाऱ्या प्रत्येक बी-पेशींत हेंच चालतें, आणि तें पिलूं अंड्यांत असतांनाच सुरू होतें. 1989 सालीं प्रतिपिंडाच्या जड सांखळीचीही हीच तऱ्हा आढळली. तेथें तर फाटक्या पोथ्या ऐंशींच्या घरांत आहेत. या नकलेस आरंभ करून देणारा पदार्थ जपानांत होंजो यांच्या प्रयोगशाळेंत 1999 सालीं उजेडांत आला, आणि त्याच्यावांचून कोंबडीच्या पेशींत ही नक्कल होत नाहीं, हें 2002 सालीं ठरलें.

यावरून कोणी प्रत्येक छद्मजनुकास कामकरी ठरवूं लागेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. मनुष्याच्या जड सांखळीच्या प्रदेशाची मोजदाद 1998 सालीं पूर्ण झाली. 123 तुकड्यांपैकीं 79 छद्म निघाले. आपल्या बी-पेशी पिलाप्रमाणें त्यांच्यांतून सर्रास ओळी उतरवीत नाहींत. उलट, एखाद्या कोंवळ्या पेशींत चुकून असा मोडका तुकडाच जोडला गेला, तर त्यापासून प्रतिपिंड निघत नाहीं, आणि त्या पेशीस दुसऱ्या गुणसूत्रावर नव्यानें जुळवाजुळव करावी लागते. तेथेंही साधलें नाहीं, तर ती पेशी मरून जाते.